मनोहररावांच्या पिकअपचं नॉकिंग

“ही गोष्ट मी भुताची म्हणून नाही सांगून राहिलो,” भैयाजी म्हणाले. “श्रीधरची म्हणून सांगतो. श्रीधर गजभिये. माह्या दुकानाले लागूनच त्याचं गॅरेज होतं. खोटं वाटलं तं तुमच्या बापाले विचारा.”

नागपूरच्या जरीपटक्यातले दिवे साडेआठलाच गेले होते. ओट्यावर भैयाजींचा पुतण्या रवींद्र आणि त्याचे कॉलेजातले दोन मित्र बसले होते. कंदील आत स्वयंपाकघरात होता. भैयाजींनी जन्मभर लोकांच्या बॅटऱ्या चार्ज करून दिल्या, पण गोष्ट सांगायला त्यांना उजेड लागत नसे.

श्रीधर मिस्त्री आठ वर्षं एस्टीच्या डेपोत होता. मग त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. हाताला तर तो चांगला होताच, पण त्याचं नाव झालं ते कानामुळं. हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग गेलं. इंजिन उघडलं की तिसऱ्याचंच निघायचं. बाकीचे मिस्त्री त्याला डॉक्टर म्हणत, आणि त्यालाही ते आवडत असे.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात त्याच्याकडे भिवापूरचे मनोहरराव आले. मिरचीचे व्यापारी. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांची पिकअप लष्कराच्या लिलावातली, वीस वर्षांची म्हातारी, पेट्रोलवर चालणारी. वाळल्या मिरचीवर दव पडू नये म्हणून त्यांनी मागे चारी बाजूंनी पत्रा ठोकून बंद पेटीच करून घेतली होती. मागच्या बाजूला दोन फळ्यांचं दार, आणि दाराला बाहेरून लोखंडी कडी.

“नॉकिंग मारते,” मनोहरराव म्हणाले. “टिकटिक, टिकटिक. अन् त्याच वक्ताले हीटचा काटा लाल्यात जाते. तीन मिस्त्री झाले. कोणाले सापडत नाही.”

नॉकिंग म्हणजे श्रीधरसाठी रोजचंच दुखणं. जुनं इंजिन, हलकं पेट्रोल. गाडी ओझं घेऊन चढाला लागली की आतलं पेट्रोल वेळेआधीच पेटतं, आणि पितळी गडव्यावर कोणी खिळा आपटावा तसा आवाज येतो. त्यानं इंजिनाचं डोकं उतरवलं, बोटभर काजळी खरवडून काढली, प्लग बदलले, टायमिंग नव्यानं बांधलं. इंजिनाची गरमी ओळखून मीटरला कळवणारा पितळी बल्ब असतो, तोही नवा घातला. मग गाडीत विटा भरून सेमिनरी हिल्सच्या चढावर तीन फेऱ्या मारल्या. टिक नाही की टुक नाही. काटा मध्यावर गप उभा.

चौथ्या दिवशी मनोहरराव पुन्हा हजर.

“परत मारून राहिली.”

“कुठं?”

“भिवापूर सोडलं की, उमरेडच्या अलीकडं. जंगल लागते तिथं.”

“चढावर?”

मनोहररावांनी बॉनेटवर हात ठेवला. “चढ नाही जी तिथं. सपाट हाय.”

“रिकामी असली तं?”

“रिकामी असली तं नाही. माल भरून नागपूरले निघालो, तवाच. अन् दिवस बुडाल्यावर.”

श्रीधर हसला. इंजिनाला दिवस बुडाल्याचं काय कळतं? पण मनात कुठेतरी त्याला ते लागलं. डॉक्टरनं बरा करून पाठवलेला रोगी परत आला होता.

“मी येतो भिवापूरले,” तो म्हणाला. “तुमच्या इथून माल भरून निघू. मी चालवतो. माह्या कानानं आयकतो.”

यावर मनोहररावांनी खूश व्हायला हवं होतं. ते नुसते गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मी बसतो मंग तुमच्या बाजूले. एकट्यानं नका चालवू.”

तो शुक्रवार होता. बावीस डिसेंबर. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही. कृष्णपक्षातली साधी रात्र, चंद्र बाराच्या सुमारास निघणार होता. श्रीधर दुपारच्या एस्टीनं भिवापूरला पोचला. नत्थू नावाचा हमाल बारा पोती पेटीत चढवत होता. पुढच्या पत्र्याला भिडवून, एकावर एक, घट्ट. दाराजवळ हातभर जागा तेवढी उरली.

“मालक, मी बी येतो जी नागपूरले,” नत्थू म्हणाला. “बहीण बिमार हाय. मी मागं बसतो.”

“मागं कोणी बसत नाही.”

“पोत्याजवळ थंडी बी नाही लागत जी…”

“मागं नाही म्हणलं ना!” मनोहरराव एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “उद्या सकाळच्या एस्टीनं जा.”

नत्थू मान हलवून निघून गेला. दोघांनी घरात चहा घेतला. बाहेर आले तेव्हा अंधार पडला होता आणि पेटीचं दार ओढून घेतलेलं होतं. मनोहररावांनी आत न बघता कडी घातली. सात वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली.

पहिली वीस मिनिटं श्रीधर फक्त ऐकत होता. इंजिन एकसुरी चाललं होतं. बारा पोत्यांचं ओझं होतं तरी कुरकुर नाही. काचेच्या फटीतून गार वारा येत होता. मनोहररावांनी मफलर कानांवरून घट्ट गुंडाळला होता.

“कान मोकळे ठेवा ना जी,” श्रीधर म्हणाला. “आवाज आला तं तुम्हीच सांगाचं हाय.”

“तुम्हाले येईनच आयकू,” मनोहरराव म्हणाले.

दोन्ही बाजूंना झाडी लागली. समोरून येणारी गाडी नाही, मागून नाही. दिव्यांच्या उजेडात सरळ सपाट रस्ता.

टिक.

श्रीधरनं मान तिरकी केली.

टिक टिक… टिक.

नॉकिंगसारखंच होतं. अगदी तसंच. त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. नॉकिंग असेल तर ओझं सुटताच बंद होतं.

टिक टिक. टिक टिक टिक.

बंद झालं नाही. त्यानं मीटरकडे पाहिलं. काटा मध्यावरून सरकत होता. डिसेंबरची थंडी, सपाट रस्ता, आणि काटा चढत होता.

“हेच ना?”

मनोहररावांनी मान हलवली. ते समोर बघत होते.

श्रीधरनं गिअर काढला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. गाडी आपल्या वेगानं घरंगळत राहिली. आता फक्त टायरांची सरसर. वाऱ्याचा आवाज. आणि…

टिक टिक टिक. टिक टिक.

बंद इंजिन नॉकिंग मारत नाही. पंचवीस वर्षांत एकाही इंजिनानं मारलं नव्हतं.

“इंजिनचाच आवाज हाय, मिस्त्री,” मनोहरराव म्हणाले. “चालू करा. चालू द्या.”

“इंजिन बंद हाय, मनोहरराव.”

“इंजिनच हाय ते. पुढं चला. इथं नका थांबू.”

“काहून?”

गाडी हळू होत होत थांबली.

श्रीधर बॅटरी आणि पेचकस घेऊन उतरला. बॉनेट उघडलं. रेडिएटरवर आधी बोट लावलं, मग तळवा. कोमट. तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं एवढंच कोमट. मग काटा कशाची गरमी दाखवत होता? त्यानं बल्बवरची तार ओढून काढली. तार काढली की मीटर आंधळं होतं, काटा खाली पडलाच पाहिजे. त्यानं चावी अर्धी फिरवून खिडकीतून आत बॅटरी मारली.

काटा लाल्यातच होता.

आणि चढत होता.

त्यानं तार तशीच लोंबकळत सोडली. आता एकच उरलं होतं. कान. त्यानं पेचकस इंजिनाच्या डोक्यावर टेकवला, मूठ कानामागं लावली. शांत. खाली ब्लॉकवर. शांत. चॅसिसवर टेकवला. दूर कुठेतरी… टिक. तो आवाजाच्या मागे मागे निघाला. मडगार्ड. केबिनचं दार. केबिनचा मागचा कोपरा. प्रत्येक जागी आवाज थोडा मोठा. शेवटी केबिनच्या मागं, जिथं पेटीचा पुढचा पत्रा होता, तिथं त्यानं टोक टेकवलं.

आवाज थेट त्याच्या हाडात शिरला.

ठोकणं होतं. आतून. माणूस बोटांच्या सांध्यांनी दार ठोकतो, तसं.

तो हलला नाही. ऐकत राहिला. तीन ठोके… थांबलं. दोन ठोके… थांबलं. मग बराच वेळ काही नाही… मग एक.

ठोके लांबत चालले होते.

इंजिन थकत नाही. हे थकत होतं.

श्रीधर मागच्या दाराकडे धावला. त्याचा हात कडीवर पडणार तोच मनोहररावांनी मनगट धरलं. ते कधी उतरले, त्याला कळलंच नव्हतं.

“उघडू नका.”

“आत कोणीतरी हाय!”

“नाही. ती नाही आत.” मनोहररावांनी मनगट सोडलं नाही. “तिले तं मीच उतरवली होती. ह्या हातानं… ती नाही आत.”

श्रीधरनं त्यांना ढकललं. कडी वर उचलली. दार उघडलं.

आतून गरम भपकारा आला. मिरचीचा ठसका, आणि त्याच्याखाली जळक्या पेट्रोलचा वास. बॅटरीच्या उजेडात दाराशी कोणीतरी घोंगडी पांघरून कुशीवर पडलं होतं. नत्थू. तोंड उघडं. गाल लालभडक.

दोघांनी त्याला ओढून रस्त्याकडेच्या गवतावर टाकलं. श्रीधरनं छाती दाबली, पाय चोळले, गालावर मारलं. काही नाही. पुन्हा छाती दाबली. मनोहरराव गुडघ्यावर बसून नत्थूच्या कानाशी एकच म्हणत होते, “ऊठ गा… ऊठ गा नत्थू…”

किती वेळ गेला कोण जाणे. मग नत्थूला एक उबळ आली. तो कुशीवर वळून ओकला. श्वास घेतला. पुन्हा घेतला.

श्रीधर मागे टेकून बसला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की ठोकणं थांबलंय. रातकिडे ऐकू येत होते.

“मले माफ करा जी मालक,” नत्थू मोठ्या कष्टानं म्हणाला. “तुम्ही चहा घेत होते… मी मागं चढलो. बहिणीकडं…”

“बरं झालं ठोकलंस,” श्रीधर म्हणाला. “अजून पाच मिनिटं गेली असती तं…”

नत्थूनं त्याच्याकडे पाहिलं. “मी नाही ठोकलं जी.”

“मंग?”

“गाडी निघाली अन् मले झोप लागली. अशी झोप… हात बी हालत नव्हता.”

श्रीधर उठला, बॅटरी घेऊन पेटीजवळ गेला आणि आत उजेड पाडला. नत्थू पडला होता तो दाराजवळ, अगदी मागच्या टोकाला. ठोके येत होते ते पुढच्या पत्र्यावर. आणि मधे बारा पोती होती. भिंतीसारखी. वर छतापर्यंत. त्या पत्र्यापर्यंत माणूस काय, माणसाचा हातही पोचला नसता.

त्यानं मागे वळून पाहिलं. मनोहरराव रस्त्यावरच बसले होते. मफलर गळून पडला होता.

“रंभाबाई,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं तरी. तीन वर्षांमागं, मे महिन्यात, संध्याकाळचं. मिरची निवडायला येणारी रंभाबाई. विधवा बाई, एक पोरगी. तिला नागपूरला पोरीकडं जायचं होतं. पुढं दोन पाहुणे होते, म्हणून ती मागं बसली, पुढच्या पत्र्याला पाठ लावून, पोत्यांच्या मधे. कडी मनोहररावांनीच घातली. ह्याच जागी आवाज सुरू झाला. टिकटिक. पाहुणे म्हणाले, गाडी नॉकिंग मारून राहिली. मनोहरराव म्हणाले, जुनं इंजिन हाय, मारतेच. पुढं पुढं आवाज कमी होत गेला, तेव्हा ते म्हणाले होते, पाहा, गरम झालं अन् बरं झालं.

नागपूरला दार उघडलं…

“लोकं म्हणे ऊन लागलं तिले,” मनोहरराव म्हणाले. “मी बी म्हणलं ऊन लागलं. आवाजाचं कोणाले सांगतलं नाही. तिच्या पोरीले बी नाही. मंग दुसऱ्या खेपीले आवाज परत आला. मी मिस्त्र्याकडं नेली. मले वाटे… कोणीतरी सांगन, की इंजिनच हाय.”

श्रीधरनं बॅटरी उचलली. तो गाडीखाली सरपटत गेला. पेटीच्या तळाशी सायलेन्सरचा पाइप गंजून उकलला होता. जुनी चीर होती, काल-परवाची नाही. धूर बाहेर जायच्या ऐवजी तळाच्या फळ्यांच्या फटीतून सरळ पेटीत शिरत होता. त्यानं फटीवर हात फिरवला. तळवा काळा झाला. मिरचीच्या ठसक्यात धुराचा वास कोणाला ओळखूच आला नव्हता.

बाहेर येऊन त्यानं तो काळा तळवा मनोहररावांसमोर धरला.

“ऊन नव्हतं लागलं तिले,” तो म्हणाला. “हा धूर. थांबले असते तं वाचली असती.”

मनोहरराव त्या तळव्याकडे बघत राहिले. त्यांनी मान खाली घातली नाही. डोळेही पुसले नाहीत.

मागचं दार सताड उघडं बांधून, नत्थूला दोघांच्या मधे बसवून ते नागपूरला आले. बल्बची तार तुटक्या वेलीसारखी बॉनेटखाली लोंबतच होती. काटा खाली पडला होता. तो काही वर आला नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मनोहरराव आंघोळही न करता रंभाबाईच्या पोरीच्या घरी गेले. ती इथंच राहायची, पाटणकर चौकाच्या पलीकडे. तिला सगळं सांगितलं. ती काय म्हणाली, ते त्यांनी श्रीधरला कधी सांगितलं नाही. परत आले आणि म्हणाले, “मिस्त्री, हा पत्रा उतरवा. सगळा.” त्यानंतर ती गाडी ताडपत्री टाकूनच चालली. टिकटिक पुन्हा आली नाही. श्रीधर मात्र बदलला. कोणाचीही गाडी नॉकिंगची तक्रार घेऊन आली, की तो बॉनेटला हात लावायच्या आधी मागं जाऊन बघायचा.

भैयाजी थांबले. आत स्वयंपाकघरात कोणीतरी भांडं ठेवलं.

“नत्थूले स्वप्न पडलं असन काका,” रवींद्र हळूच म्हणाला. “झोपेतच ठोकलं असन त्यानं. पोत्यावर.”

“असन,” भैयाजी म्हणाले.

“अन् मीटर तं बिघडू शकते.”

“शकते ना. श्रीधर बी तेच म्हणे. लोकायले तेच सांगे.”

मग भैयाजीच पुढे बोलले, आणि आता त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की तिघांना पुढे सरकावं लागलं.

“त्या शनिवारी पत्रा उतरवाले पोती खाली काढली ना, तवा मी होतो तिथं. मी अन् श्रीधर. अकरा पोती निघाली. कोरडी ठणठणीत. बारावं सगळ्यात पुढचं, पत्र्याले चिकटून होतं ते. ते मी उचलाले गेलो…

ओलं होतं.

सगळं नाही. एकाच अंगानं. वर रुंद, मधात निमुळतं… माणूस टेकून बसते ना, पाठ लावून. तेवढं. तसं.

छत गळत नव्हतं. दव शिरत नव्हतं. अन् डिसेंबरची थंडी.

श्रीधरनं ते उन्हात ठेवलं. आम्ही दोघं बी बसून राहिलो त्याच्यासमोर. दुपारपर्यंत वाळलं. अन् वाळलं तशी त्याच्या कडंकडंनं पांढरी रेघ उमटली. हमालाच्या अंगातल्या बंडीवर उमटते ना उन्हाळ्यात… तशी.

मी बोट फिरवलं त्या रेघेवर. अन् जिभेले लावलं.”

“मंग?”

“मिरचीचं पोतं गा ते. भिवापुरी. जीभ पोळाले पायजे होती.”

अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

“खारट लागलं.”